काढायचे किती, राखायचे किती?
यकृत आणि अंतःस्रावी ग्रंथींच्या गाठींवरील शस्त्रक्रियेविषयी

ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मद्याचा थेंब आलेला नाही, जेथे सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही, अशा घरात एके दिवशी सोनोग्राफीचा अहवाल येतो आणि त्यात यकृतात गाठ असल्याचे लिहिलेले असते. घरातील पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : आपल्याकडे हे कसे? दुसरा प्रश्न थोड्या वेळाने, दबक्या आवाजात येतो : कापावे लागेल का? तिसरा प्रश्न मात्र पुष्कळदा कोणी विचारतच नाही : शस्त्रक्रियेनंतर जे शिल्लक राहील, ते पुढचे आयुष्य निभावून नेईल का?

वास्तविक यकृताच्या आणि अंतःस्रावी ग्रंथींच्या शस्त्रक्रियेचे सारे शास्त्र या तिसऱ्या प्रश्नाभोवती उभे आहे. पित्ताशय काढले तरी माणूस सुखाने जगतो; आंत्रपुच्छ काढल्याचे तर त्याला काही दिवसांनी स्मरणही राहत नाही. यकृत मात्र समूळ काढून माणूस जगू शकत नाही. थायरॉइड, पॅराथायरॉइड, अ‍ॅड्रिनल या ग्रंथी आपले स्राव थेट रक्तात सोडतात. त्या गेल्या, तर त्यांचे काम आयुष्यभर औषधाने करून घ्यावे लागते. म्हणून येथे गाठ काढणे हे अर्धे काम आहे. उरलेले अर्धे काम राखण्याचे आहे.

निर्व्यसनी घरातील यकृत

प्रथम पहिल्या प्रश्नाचे उत्तर. मद्य हे यकृताच्या रोगाचे मोठे कारण आहे, पण एकमेव नाही. हेपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंचा दीर्घकाळचा संसर्ग यकृताच्या कर्करोगाला कारण ठरतो, आणि हा संसर्ग दूषित सुई, रक्त किंवा जन्मावेळी मातेकडून होऊ शकतो. यांपैकी हेपॅटायटिस बी टाळणारी लस उपलब्ध असून ती बाळाला जन्मतःच देण्याची पद्धत आहे. दुसरे कारण आपल्या समाजाच्या अधिक जवळचे आहे. पेढीवर दिवसभर बैठक, चालणे नाही, साखर आणि तळलेले पदार्थ भरपूर, त्यातून वाढणारा पोटाचा घेर आणि मधुमेह. अशा माणसाच्या यकृतात चरबी साठते. यालाच फॅटी लिव्हर म्हणतात. काही रुग्णांत पुढे यकृत आक्रसून कडक होते, म्हणजे सिरॉसिस होतो, आणि त्यातून कर्करोगाची गाठ उद्भवू शकते. शुद्ध शाकाहार हे यापासूनचे कवच नव्हे.

तथापि यकृतातील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुच्छ, ज्यास हिमँजिओमा म्हणतात, किंवा पाण्याची साधी गाठ, या सोनोग्राफीत वारंवार आढळतात आणि बहुतेकदा त्यांना हातही लावावा लागत नाही. काही गाठी मूळच्या यकृताच्या नसतात. मोठ्या आतड्याचा कर्करोग तेथून येऊन यकृतात रुजलेला असतो. अशा निवडक रुग्णांत यकृताचा तो भाग काढून दीर्घ आयुष्य, काही वेळा पूर्ण मुक्ततासुद्धा, मिळू शकते. म्हणून ‘यकृतात गाठ’ एवढ्या दोन शब्दांवर कोणताही निर्णय होत नाही. रंगद्रव्य देऊन केलेला, वेगवेगळ्या क्षणी टिपलेला सीटी स्कॅन किंवा एमआरआय ही पुढची पायरी असते. सिरॉसिस असलेल्या यकृतात तर या तपासणीवरूनच पुष्कळदा निदान पक्के होते आणि सुईने तुकडा घेण्याचीही गरज पडत नाही.

आठ खंडांचा नकाशा

यकृत प्रौढ माणसात सुमारे सव्वा ते दीड किलो वजनाचे असते आणि रक्ताने गच्च भरलेले असते. त्याला रक्त दोन वाटांनी येते : एक धमनी, आणि आतड्याकडून येणारी पोर्टल शीर, जी त्यातील सुमारे तीन चतुर्थांश रक्त आणते. या रक्तामुळेच शल्यचिकित्सक कित्येक शतके यकृताला बिचकत आले. १८८८ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी एका स्त्रीच्या यकृताचा भाग ठरवून कापला. त्याच दिवशी रक्तस्रावामुळे पोट पुन्हा उघडावे लागले, पण ती स्त्री वाचली. १९०८ मध्ये ग्लासगोच्या जेम्स प्रिंगल यांनी दाखवून दिले की यकृतात शिरणाऱ्या रक्तवाहिन्यांचा जुडगा काही काळ दाबून धरला, तर रक्तस्राव आटोक्यात राहतो. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी ती युक्ती आजही वापरली जाते.

परंतु खरी वाट मिळाली ती नकाशामुळे. फ्रान्सचे क्लोद क्विनो यांनी मृत देहांतील यकृताच्या वाहिन्यांत घट्ट होणारे द्रव्य भरून त्यांचे साचे तयार केले आणि १९५७ साली आपल्या ग्रंथात मांडले की यकृत हे आतून आठ खंडांचे आहे. प्रत्येक खंडाला रक्त आणणारी आणि पित्त नेणारी स्वतंत्र शाखा आहे. वरून एकसंध दिसणाऱ्या या अवयवात जणू आठ स्वतंत्र खोल्या आहेत, आणि एका खोलीची नळजोडणी बंद केली तरी शेजारची चालू राहते. म्हणजे सगळे यकृत धोक्यात न घालता एक किंवा अधिक खंड नेमके काढता येतात.

किती काढायचे, याचा हिशेब शस्त्रक्रियेआधीच होतो. सीटी स्कॅनवरून संगणक उरणाऱ्या भागाचे आकारमान मोजतो. यकृत निरोगी असेल तर साधारण वीस ते पंचवीस टक्के भाग शिल्लक राहिला तरी चालते. आधी बरीच केमोथेरपी झाली असेल तर तीस टक्के. आणि सिरॉसिस असेल तर चाळीस टक्के किंवा अधिक लागते. एवढी शिल्लक राहत नसेल, तर गाठ कितीही काढण्याजोगी दिसो, चांगला शल्यचिकित्सक सुरी उचलत नाही. अशा वेळी एक उपाय आहे. जो भाग काढायचा, त्याकडे जाणारी पोर्टल शिरेची शाखा आधी बंद करतात. मग रक्त दुसऱ्या बाजूला वळते आणि तीन ते सहा आठवड्यांत ती बाजू वाढते. नंतर शस्त्रक्रिया होते. कापलेला भाग पुन्हा फुटत नाही. उरलेला भाग मोठा होऊन गेलेल्याचे काम उचलतो. यकृताची ही शक्ती शरीरातील दुसऱ्या कोणत्याही मोठ्या अवयवात नाही.

लहान गाठ सुईतून उष्णता देऊन जाळता येते. आणि गाठ लहान असूनही यकृतच पार निकामी झाले असेल, तर प्रत्यारोपण हा मार्ग असतो. १९९६ साली मिलानमधून आलेला निकष यासाठी जगभर प्रमाण मानला जातो : एकच गाठ असेल तर ती पाच सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी असतील तर प्रत्येक तीन सेंटिमीटरपर्यंत, आणि रोग मोठ्या रक्तवाहिन्यांत वा यकृताबाहेर गेलेला नसावा. जिवंत नातेवाइकाने आपल्या यकृताचा भाग दिला, तर दात्याचे उरलेले यकृत काही महिन्यांत बरेचसे भरून येते. भारतात १९९४ च्या कायद्याने अशा दानाला चौकट दिली आहे आणि अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवला आहे. दाता घरातला असला, तरी त्याच्याही जिवाला थोडा का होईना धोका असतो. म्हणून सुनेने किंवा धाकट्या भावाने भिडेपोटी होकार दिलेला नाही ना, हे घरातील वडीलधाऱ्यांनी स्वतः पाहिले पाहिजे.

बर्नमधील अठरा रुग्ण

राखण्याचा धडा ग्रंथींच्या शस्त्रक्रियेने फार मोठी किंमत देऊन घेतला. स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात आयोडीनच्या अभावामुळे गलगंड घरोघर होता. बर्न येथील थिओडोर कोखर हे अतिशय सावकाश, स्वच्छ आणि जवळजवळ रक्तविरहित हाताने शस्त्रक्रिया करणारे शल्यचिकित्सक होते. ते पूर्ण थायरॉइड काढून टाकत आणि जखम सुंदर भरून येई. १८७४ साली त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची ग्रंथी अशीच काढली. काही काळाने त्यांच्या कानावर आले की ती मुलगी पूर्वीची राहिलेली नाही. तिची वाढ खुंटली होती, बुद्धी मंदावली होती. तिची धाकटी बहीण मात्र वाढत होती.

१८८२ मध्ये जिनिव्हाच्या रेव्हर्दँ यांनीही आपल्या रुग्णांत असेच बदल दिसल्याचे सांगितले, तेव्हा कोखर यांनी आपल्या जुन्या रुग्णांना परत बोलावून घेतले. पूर्ण ग्रंथी काढलेल्यांपैकी अठरा जण त्यांना तपासता आले. त्यांतील सोळा जणांचे चेहरे सुजट, हालचाली मंद आणि मन जड झाले होते. १८८३ साली बर्लिन येथील शल्यचिकित्सकांच्या सभेत त्यांनी हे सारे आकड्यांसह मांडले. आपली यशस्वी दिसणारी शस्त्रक्रियाच या लोकांच्या दुःखाचे कारण ठरली, हे त्यांनी कबूल केले. त्यानंतर साध्या गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढणे त्यांनी थांबवले. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या पहिल्या शंभर शस्त्रक्रियांत बारा-तेरा रुग्ण दगावले होते. १९१२ पर्यंत पाच हजारांच्या घरात पोचलेल्या अनुभवानंतर हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी झाले होते.

त्याच काळी व्हिएन्नात बिलरोथ यांच्या रुग्णांना निराळाच त्रास होई : हातापायांना वेदनादायक पेटके येत. याचे कारण थायरॉइडच्या मागे चिकटलेल्या, मसुराच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी. रक्तातील कॅल्शियम त्या सांभाळतात. भरभर चालणाऱ्या हाताने थायरॉइडचे काही तुकडे मागे राहत, पण या चिमुकल्या ग्रंथी निघून जात. या ग्रंथी प्रथम नजरेस आल्या त्या एका भारतीय गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील तो गेंडा मेल्यावर रिचर्ड ओवेन यांनी त्याचे विच्छेदन केले आणि १८५० साली त्यांची नोंद केली. माणसातील ग्रंथींचे वर्णन स्वीडनच्या ईव्हार सँडस्ट्रोम यांनी १८८० मध्ये केले.

गळा, मूत्रपिंडावरची टोपी आणि स्वादुपिंड

आज गळ्यातील गाठ आढळली, तर सोनोग्राफी आणि बारीक सुईने पेशी तपासणे ही पहिली पायरी आहे. थायरॉइडच्या बहुतेक गाठी साध्या असतात. कर्करोग निघालाच, तर त्याचा सर्वांत नेहमीचा प्रकार मंदगती असून बरा होण्याची शक्यता फार चांगली असते. अनेक रुग्णांना ग्रंथीची एकच बाजू काढून पुरते. जपानमधील कोबे येथील कुमा रुग्णालयात १९९३ पासून एक सेंटिमीटरपर्यंतच्या, धोक्याची लक्षणे नसलेल्या गाठींवर शस्त्रक्रिया न करता नियमित नजर ठेवण्याची पद्धत सुरू झाली आणि ती निवडक रुग्णांत सुरक्षित ठरली आहे. शस्त्रक्रिया करताना दोन गोष्टी राखायच्या असतात : पॅराथायरॉइड ग्रंथी, आणि ग्रंथीच्या मागून स्वरयंत्राकडे जाणाऱ्या दोन बारीक नसा. ग्राहकाशी दिवसभर बोलण्यावर ज्याची उपजीविका आहे, त्याने आवाजाविषयी आधी विचारून घेणे अगदी योग्य आहे.

पॅराथायरॉइडपैकी एखादीच ग्रंथी गाठ होऊन फुगली, तर रक्तात कॅल्शियम वाढते, पुन्हा पुन्हा मूतखडे होतात, हाडे ठिसूळ होतात. मूतखड्यासाठी वर्षानुवर्षे फिरणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील कॅल्शियम एकदा तरी तपासले गेले पाहिजे. यात ती एकच ग्रंथी काढतात, उरलेल्या तीन राखतात.

अ‍ॅड्रिनल ग्रंथी दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या असतात. तिच्या एका प्रकारच्या गाठीतून असा स्राव सुटतो की रक्तदाब एकाएकी उसळतो, छाती धडधडते, दरदरून घाम येतो, डोके ठणकते. १९२६ साली स्वित्झर्लंडमध्ये सेझार रू आणि अमेरिकेत चार्ल्स मेयो यांनी अशा गाठी यशस्वीपणे काढल्या. गाठीला नुसता धक्का लागला तरी रक्तदाब भडकू शकतो, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी एक ते दोन आठवडे विशिष्ट औषधे देऊन रक्तवाहिन्या शिथिल कराव्या लागतात. रक्त-लघवीची तपासणी होण्यापूर्वी अशा गाठीत सुई घालू नये. १९९२ पासून ही ग्रंथी दुर्बिणीने, लहान छिद्रांतून काढता येऊ लागली.

स्वादुपिंडातही अशीच एक विरळा गाठ होते. ती इन्सुलिन सोडतच राहते. असा रुग्ण उपाशी राहिला की रक्तातील साखर कोसळते. तो गोंधळतो, असंबद्ध बोलतो, कधी बेशुद्ध पडतो, आणि साखर दिली की सावरतो. तपस्येच्या घरात हे ‘उपवासाची अशक्तता’ म्हणून वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहू शकते. बहुतेक वेळा ही गाठ साधी आणि दोन सेंटिमीटरहून लहान असते, आणि पुष्कळदा तेवढीच गाठ सोलून काढून स्वादुपिंड राखता येते. १९२९ साली टोरांटोमध्ये रॉस्को ग्रॅहम यांनी अशा शस्त्रक्रियेने रुग्ण बरा केला.

औषध आणि व्रत

आपल्या घरांसाठी सर्वांत मोलाचा भाग येथे येतो, कारण या शस्त्रक्रियांनंतरचे औषध हे नित्यकर्म बनते.

थायरॉइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा ते एक तास काही खायचे नाही. नवकारसी पाळणाऱ्याला हे सहज जमते : नवकारसीनंतर उकळलेल्या पाण्याबरोबर गोळी, आणि काही वेळाने न्याहारी. कॅल्शियमची गोळी मात्र तिच्यानंतर किमान चार तासांनी घ्यावी. पूर्ण थायरॉइड काढल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या येऊ लागल्या, तर ते कॅल्शियम उतरल्याचे लक्षण आहे. अशा वेळी रात्र असली, चौविहार असला, तरी सकाळची वाट पाहू नये. तत्काळ रुग्णालयाशी संपर्क साधावा.

अ‍ॅड्रिनलच्या बाबतीत प्रश्न जिवाचा असतो. एका ग्रंथीतील गाठ दीर्घकाळ जादा कॉर्टिसोल सोडत असेल, तर दुसरी निरोगी ग्रंथी निजलेली असते. गाठ काढल्यावर ती जागी व्हायला कित्येक महिने, कधी वर्षही लागते. तोवर हायड्रोकॉर्टिसोनची गोळी दररोज घ्यावीच लागते. पर्युषणात अठ्ठाई करायची म्हणून ती बंद केली, तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. ज्वर किंवा उलट्या असतील, तर मात्रा वाढवावी लागते, आणि गोळी पोटात ठरत नसेल तर इंजेक्शन घ्यावे लागते.

आपल्या परंपरेतील सोळा भावनांत त्याग आणि तप या दोहोंना ‘शक्तितः’, म्हणजे शक्तीनुसार, हा शब्द जोडलेला आहे. आजारी श्रावकाने गुरुमहाराजांना आपली अवस्था मोकळेपणाने सांगून झेपेल एवढेच पच्चक्खाण घ्यावे. स्वाध्याय, सामायिक, मौन यांची वाट त्याला खुलीच आहे.

जाता जाता मिठाविषयी. १९२२ साली स्वित्झर्लंडमध्ये आयोडीनयुक्त मीठ सुरू झाले आणि कोखर यांना आयुष्यभर पुरलेला गलगंड ओसरू लागला. भारतातही १९६२ पासून गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. जी घरे बाराही महिने फक्त सैंधव वापरतात, त्यांनी त्यात आयोडीन आहे का, हे पाकिटावर पाहून घ्यावे.

घराने विचारायचे प्रश्न

निदान होताच काही घरांत दोन चुका होतात. एक म्हणजे मुलीचे लग्न व्हायचे आहे, बाजारात नाव आहे, म्हणून आजार लपवणे आणि त्यात महिने घालवणे. दुसरी म्हणजे ‘गाठीला शस्त्र लागले की ती पसरते’ या समजुतीने शस्त्रक्रिया टाळणे. योग्य तपासणीनंतर, योग्य हातांनी केलेली शस्त्रक्रिया हा यांतील अनेक गाठींवरचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे; वाया गेलेला काळ मात्र परत मिळत नाही.

निर्णय एकट्या डॉक्टरांच्या मतावर सोडू नये. शल्यचिकित्सक, कर्करोगतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ यांची एकत्र बैठक जेथे होते, अशा ठिकाणचे मत घ्यावे. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाच्या कामात आहे. लखनऊच्या संजय गांधी संस्थेत तर अंतःस्रावी ग्रंथींच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभागच आहे. भेटीला जाताना घरातील एकाने प्रश्न लिहून न्यावेत. गाठ नेमकी कोणती, आणि हे कशावरून ठरले? शस्त्रक्रिया न करता नजर ठेवता येईल का? किती भाग काढणार आणि किती राहणार? राहिलेला भाग पुरेल हे मोजले आहे का? ही शस्त्रक्रिया आपण वर्षाला किती करता? पुढे कोणती औषधे किती काळ लागतील? एकूण खर्च किती आणि विम्यातून किती मिळेल? चांगला शल्यचिकित्सक अशा प्रश्नांनी रुष्ट होत नाही.

आणि शस्त्रक्रिया उरकली म्हणून खाते बंद करू नये. यकृताच्या रुग्णाला ठरावीक महिन्यांनी स्कॅन आणि रक्ततपासणी, थायरॉइडच्या रुग्णाला मात्रेची तपासणी, अ‍ॅड्रिनलच्या रुग्णाला दुसरी ग्रंथी जागी झाली का याची चाचणी करावी लागते. सर्व अहवाल तारखेनुसार एका फाइलमध्ये असावेत आणि ती फाइल कोठे आहे, हे घरातील किमान दोघांना ठाऊक असावे. कोखर यांना आपली चूक उमगली ती जखम भरून घरी गेलेल्या रुग्णांना त्यांनी पुन्हा बोलावले तेव्हा. आज बोलावणे रुग्णालयाकडून येते. ठरल्या दिवशी जाणे एवढे आपल्या हाती आहे.